स्विच बंद करणारा माणूस गेला तेव्हा: बॅटरीवरच्या उपकरणांतील व्होल्टेज रेग्युलेटरचा इतिहास



जबलपूरच्या पूर्वेला कुंडम हे तहसिलीचे गाव आहे. नर्मदेला उजव्या तीरावर मिळणारी हिरण नदी या परिसरात उगम पावते आणि सुमारे १८८ किलोमीटर वाहत जाऊन नर्मदेत मिसळते. समजा, उगमाजवळच्या एका ओढ्यावर पाण्याची पातळी मोजणारे छोटे उपकरण तुम्हाला बसवायचे आहे. तिथे विजेची तार नाही आणि रोज जाऊन पाहणारे कोणी नाही. उपकरण दर १५ मिनिटांनी दोन सेकंद जागे होईल, पातळी मोजेल, आकडा साठवेल आणि पुन्हा झोपेल. जागेपणी त्याला २० मिलिॲम्पियर लागतात, झोपेत २ मायक्रोॲम्पियर. पेन्सिल सेल मिळतील तितके वापरा. प्रश्न एवढाच आहे, की सेल आणि सर्किट यांच्यामध्ये कोणता रेग्युलेटर ठेवायचा?

प्रयोगशाळेच्या सवयीने पुष्कळांचा हात ७८०५ कडे जाईल. सहा सेल ओळीने जोडले, की ९ व्होल्ट मिळतात, त्यातून ५ व्होल्ट निघतात, उपकरण टेबलावर उत्तम चालते. मग १५ जूनला ते ओढ्यावर लावले, की जुलै उजाडता उजाडता बंद पडते. म्हणजे खरा पाऊस सुरू होतो त्याच वेळी. पुराची पातळी मागाहून मोजता येत नाही, त्यामुळे त्या वर्षाची नोंद कायमची हुकते. सर्किट चुकलेले नसते, सेलही खराब नसतात. सोळा-सतरा दिवसांत सगळी वीज संपवणारा भाग एकच असतो, तो म्हणजे रेग्युलेटर.

असा भुकेला भाग आपल्या अभ्यासक्रमात पहिल्या पानावर का आहे, आणि त्याला पर्याय कसे आणि कोणत्या गरजेतून निर्माण झाले, हे या टिपणात पाहू. हा इतिहास समजला, की डेटाशीटमधला कोणता आकडा आधी पाहायचा ते पाठ करावे लागत नाही.

१. दोन शब्द आधी समजून घेऊ

रेग्युलेटरला मिळालेल्या विजेतला काही भाग तो लोडला देतो आणि काही स्वतःच्या आतल्या सर्किटसाठी ठेवतो. आतला संदर्भ व्होल्टेज, तुलना करणारा ॲम्प्लिफायर, संरक्षणाची सोय हे सगळे चालू ठेवायला प्रवाह लागतो. लोड काही घेत नसतानाही रेग्युलेटर जो प्रवाह जमिनीकडे, म्हणजे ग्राउंडला सोडतो, त्याला क्विसेंट करंट म्हणतात. आपण त्याला रेग्युलेटरचा घरखर्च म्हणू. कमाई असो वा नसो, घरखर्च चालूच राहतो.

दुसरा शब्द ड्रॉपआउट. आउटपुट नीट ठेवण्यासाठी इनपुट व्होल्टेज आउटपुटपेक्षा किमान जितके जास्त लागते, तो फरक म्हणजे ड्रॉपआउट व्होल्टेज. ७८०५ ला पूर्ण लोडवर हा फरक साधारण २ व्होल्ट लागतो. म्हणून ५ व्होल्टसाठी किमान ७ व्होल्ट द्यावे लागतात.

२. चावी आणि बटण

ओढ्याची पातळी नोंदवणारी यंत्रे इलेक्ट्रॉनिक्सच्या आधीपासून आहेत. पाण्यावर तरंगणारा फ्लोट, त्याला जोडलेली लेखणी आणि घड्याळाच्या यंत्रणेवर फिरणारा कागदी ड्रम अशी त्यांची रचना असे. ठरलेल्या दिवशी माणूस येई, कागद बदले, चावी भरे आणि निघून जाई. यंत्राची ऊर्जा त्या माणसाच्या मनगटातून येत होती. १९९५ साली सुरू झालेल्या हायड्रॉलॉजी प्रोजेक्टमध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये होती. त्या काळात पाण्याचा दाब मोजून आकडे स्मृतीत साठवणारे डिजिटल वॉटर लेव्हल रेकॉर्डर आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आले. चावी गेली, तिच्या जागी बॅटरी आली आणि माणसाच्या फेऱ्या कमी झाल्या.

आता घरातल्या ट्रान्झिस्टर रेडिओकडे पाहा. साध्या रेडिओत बहुधा रेग्युलेटर नसेच. सेल उतरत गेले, की आवाज बारीक होई. मुख्य म्हणजे, कार्यक्रम संपला, की कोणीतरी बटण फिरवून रेडिओ बंद करी. 'टक' असा आवाज आला, की घरखर्च शून्य.

मतदान यंत्राची गोष्टही अशीच आहे. मे १९८२ मध्ये केरळमधल्या परावूर मतदारसंघातल्या ५० केंद्रांवर इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्र पहिल्यांदा वापरले गेले. नोव्हेंबर १९९८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि दिल्ली इथल्या मिळून १६ विधानसभा मतदारसंघांत ते आले. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत सर्व ५४३ मतदारसंघांत त्यावरच मतदान झाले. भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि ईसीआयएल या सरकारी कंपन्यांनी बनवलेल्या या यंत्राच्या बाह्यरचनेचे काम आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमधल्या ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांनी केले. वीज नसलेल्या गावातही मतदान घेता यावे, म्हणून ते बॅटरी पॅकवर चालते. आजच्या यंत्रांत हा पॅक साधारण ७.५ व्होल्टचा असतो. वीज काढून घेतली तरी मतांची नोंद स्मृतीत टिकते. त्यामुळे काम नसताना यंत्र चालू ठेवावे लागत नाही. केंद्राध्यक्ष सकाळी ते चालू करतात आणि मतदान आटोपले, की बंद करतात.

चावी भरणारा, बटण फिरवणारा, यंत्र बंद करणारा माणूस जोपर्यंत शेजारी होता, तोपर्यंत झोपेतला खर्च हा प्रश्नच नव्हता. तो माणूस गेला आणि रेग्युलेटरचा घरखर्च उघडा पडला. पुढचा सगळा इतिहास या एका वाक्याभोवती फिरतो.

३. ७८०५ कोणासाठी जन्मला?

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीत रॉबर्ट विडलर या अभियंत्याने एलएम १०० हा एकाच चिपवरचा रेग्युलेटर घडवला. त्याच सुमारास फेअरचाइल्डचा ७२३ आला, जो आजही काही महाविद्यालयांच्या प्रयोगवहीत आहे. या दोघांचा संदर्भ झेनर डायोडवर आधारलेला होता. चिपवर बनणाऱ्या त्या काळच्या झेनरचे व्होल्टेज ६ ते ७ व्होल्टच्या आसपास असे. त्यामुळे एलएम १०० ला किमान ८.५ व्होल्ट आणि ७२३ ला किमान ९.५ व्होल्ट इनपुट लागे. दोन-तीन सेलवर चालणाऱ्या उपकरणाचे दार इथेच बंद होत होते.

ही अडचण बँडगॅप संदर्भाने दूर केली. ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटर यांच्यातले व्होल्टेज तापमान वाढले, की दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटते. दोन ट्रान्झिस्टर वेगवेगळ्या प्रवाह-घनतेवर चालवले, तर त्यांच्या बेस-एमिटर व्होल्टेजमधला फरक तापमानाबरोबर वाढतो. घटणारे आणि वाढणारे योग्य प्रमाणात मिळवले, की सुमारे १.२ व्होल्टचा जवळजवळ स्थिर संदर्भ मिळतो. विडलरने ही कल्पना १९६९ च्या एलएम १०९ मध्ये वापरली आणि १९७१ मध्ये शोधनिबंधातून मांडली. १९७४ मध्ये पॉल ब्रोकॉ यांनी तिची सुधारलेली रचना दिली. तुमच्या हातातल्या बहुतेक रेग्युलेटरमध्ये आजही या कुळातलाच संदर्भ असतो.

एलएम १०९ ला तीनच पाय होते: इनपुट, आउटपुट, ग्राउंड. त्यातून ५ व्होल्ट आणि एक ॲम्पियरहून अधिक प्रवाह मिळे. जास्त प्रवाह किंवा जास्त उष्णता झाली, तर तो स्वतःला आवरता घेई. हे ५ व्होल्ट टीटीएल लॉजिकसाठी होते. त्या काळच्या संगणकात अनेक कार्ड असत आणि प्रत्येक कार्डाला ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या आतला पुरवठा लागे. लांब तारांतून एकाच ठिकाणाहून तो पुरवण्यापेक्षा प्रत्येक कार्डावर छोटा रेग्युलेटर बसवणे सोयीचे ठरले. काही वर्षांतच फेअरचाइल्डची ७८०० मालिका आली, स्वस्त झाली आणि जगभर पसरली.

७८०५ चा घरखर्च ४ ते ५ मिलिॲम्पियर असतो, डेटाशीटमधली कमाल मर्यादा ८ मिलिॲम्पियर. एक ॲम्पियर खाणाऱ्या आणि भिंतीतल्या सॉकेटवर चालणाऱ्या कार्डासाठी ५ मिलिॲम्पियर म्हणजे अर्धा टक्का. तो वाचवण्यात कोणालाच रस नव्हता. ७८०५ हा वाईट भाग नाही. मेनवर चालणाऱ्या संगणकासाठी तो योग्यच होता, आणि मेनवर चालणाऱ्या प्रयोगशाळेसाठी आजही आहे. हिरणच्या उगमाजवळ मात्र मेन नाही.

४. मोटारीने विचारलेला प्रश्न

यानंतरचा धक्का मोटारगाडीने दिला. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून गाड्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण येऊ लागले. थंडीत इंजिन सुरू करताना स्टार्टर मोटर इतका प्रवाह ओढते, की १२ व्होल्टची बॅटरी ६ व्होल्टपर्यंत खाली येऊ शकते. नेमक्या त्या क्षणी इंजिनावर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटला ५ व्होल्ट हवे असतात. २ व्होल्टचा ड्रॉपआउट मागणारा ७८०५ तिथे मान टाकतो.

हे २ व्होल्ट का लागतात? ७८०५ मधला मुख्य ट्रान्झिस्टर एनपीएन डार्लिंग्टन जोडणीत असतो. त्याच्या बेसला आउटपुटपेक्षा बरेच वरचे व्होल्टेज द्यावे लागते आणि ते इनपुटमधूनच आणावे लागते. त्याऐवजी पीएनपी ट्रान्झिस्टर वापरला, तर तो जवळजवळ संपृक्त होईपर्यंत काम करतो आणि काही दशांश व्होल्टचा फरकही पुरतो. एलएम २९३० आणि त्याच्या पुढच्या भागांनी ही वाट रुळवली. अशा रेग्युलेटरना लो-ड्रॉपआउट किंवा थोडक्यात एलडीओ म्हणू लागले.

पण फुकट काही मिळत नाही. एनपीएन रचनेत बेसचा प्रवाह शेवटी लोडलाच मिळतो. पीएनपीमध्ये तो ग्राउंडला जातो, म्हणजे वाया जातो. त्या काळच्या चिपवरचे पीएनपी ट्रान्झिस्टर प्रवाह फारसा वाढवत नसत, त्यामुळे बेसला बराच प्रवाह द्यावा लागे. १ ॲम्पियरच्या एलएम २९४० चा ग्राउंडचा प्रवाह पूर्ण लोडवर ३० मिलिॲम्पियरच्या घरात जातो. ड्रॉपआउट कमी झाला, खर्च मात्र वाढला.

मोटारीने दुसराही प्रश्न विचारला. गाडी आठवडाभर उभी असली, तरी घड्याळ आणि काही स्मृती चालूच राहायला हवी. किल्ली काढली, तरी एक रेग्युलेटर जागाच असतो. म्हणून एलएम २९३१ सारख्या भागांत हलक्या लोडवरचा खर्च मिलिॲम्पियरच्या खाली आणला गेला. स्विच बंद करणारा माणूस गाडी लावून घरी गेला आहे आणि रेग्युलेटर मागे एकटा उरला आहे, असा हा सुरुवातीचा मोठा बाजार होता.

५. मिलि, मायक्रो, नॅनो

१९८० च्या दशकात नॅशनल सेमीकंडक्टरचे एलपी २९५० आणि एलपी २९५१ आले. त्यांचा क्विसेंट करंट ७५ मायक्रोॲम्पियर होता, म्हणजे ७८०५ च्या तुलनेत सुमारे साठाव्या हिश्श्याइतका. एलपी २९५१ ला आणखी दोन उपयोगी पाय होते. एक रेग्युलेटर बंद करण्यासाठी, दुसरा आउटपुट घसरत असल्याची सूचना देण्यासाठी. बटण फिरवणाऱ्या माणसाचे काम आता मायक्रोकंट्रोलर करू शकत होता. बॅटरी संपत आली, हे त्याला वेळेवर कळतही होते.

इथे डेटाशीट वाचण्याचा एक धडा आहे. पहिल्या पानावरचे ७५ मायक्रोॲम्पियर हे अवघ्या १०० मायक्रोॲम्पियर लोडवरचे आहेत. १०० मिलिॲम्पियर लोडवर याच भागाचा ग्राउंडचा प्रवाह ८ मिलिॲम्पियरपर्यंत जातो, कारण आत पीएनपी आहे. शिवाय बॅटरी उतरून रेग्युलेटर ड्रॉपआउटमध्ये शिरला, की हलक्या लोडवरही त्याचा खर्च वाढतो. म्हणजे घर अडचणीत असतानाच घरखर्च वाढतो. तेव्हा पहिल्या पानावरचा आकडा पाहून थांबू नका. लोड आणि इनपुट व्होल्टेजनुसार ग्राउंडचा प्रवाह दाखवणारे आलेख पाहा.

हा दोष मॉसफेटने घालवला. मॉसफेटच्या गेटला व्होल्टेज लागते, सततचा प्रवाह लागत नाही. मुख्य ट्रान्झिस्टर पी-चॅनल मॉसफेट केला, की लोड वाढला तरी ग्राउंडचा प्रवाह त्या प्रमाणात वाढत नाही. मोबाइल फोनच्या प्रसाराबरोबर असे सीमॉस एलडीओ प्रचंड संख्येने बनू लागले आणि स्वस्तही झाले. मायक्रोचिपचा एमसीपी १७०० हा २५० मिलिॲम्पियरचा भाग १.६ मायक्रोॲम्पियरवर भागवतो. होल्टेकचा एचटी ७३३३ सुमारे ४ मायक्रोॲम्पियर घेतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीपीएस ७ए०२ तर २५ नॅनोॲम्पियरवर आला आहे. ७८०५ च्या ५ मिलिॲम्पियरशी तुलना केली, तर हा दोन लाखावा भाग झाला.

६. हिरणच्या ओढ्यावरचा हिशेब

आता सुरुवातीच्या उपकरणाकडे येऊ. १५ मिनिटे म्हणजे ९०० सेकंद. त्यात २ सेकंद २० मिलिॲम्पियर, म्हणजे सरासरी सुमारे ४४.४ मायक्रोॲम्पियर. झोपेचे २ मिळवून ४६.४ मायक्रोॲम्पियर. पेन्सिल अल्कलाइन सेलची क्षमता २००० मिलिॲम्पियर-तास धरू. ओळीने जोडलेल्या सेलचे व्होल्टेज वाढते, क्षमता तीच राहते. लीनियर रेग्युलेटरमध्ये इनपुटचा प्रवाह म्हणजे लोडचा प्रवाह अधिक घरखर्च. जागे असण्याच्या दोन सेकंदांतला जादा घरखर्च इथे सोडून दिला आहे, कारण तो फार थोडा आहे.

- ७८०५, घरखर्च ५ मिलिॲम्पियर: सुमारे १६ दिवस
- एलपी २९५०, घरखर्च ७५ मायक्रोॲम्पियर: सुमारे २२ महिने
- एमसीपी १७००, घरखर्च १.६ मायक्रोॲम्पियर: सुमारे पावणेपाच वर्षे
- टीपीएस ७ए०२, घरखर्च ०.०२५ मायक्रोॲम्पियर: सुमारे ४.९ वर्षे

पहिल्या ओळीवरून दुसऱ्या ओळीवर आलात, की एका पावसाळ्याचाही भरवसा नसलेले उपकरण दोन पावसाळे पाहू शकते. तिसऱ्या ओळीपर्यंत आणखी मोठी उडी आहे. तिसरीवरून चौथीवर जाताना मात्र पाच वर्षांत जेमतेम दोन महिने मिळतात. घरखर्च साठाव्या हिश्श्यावर आला, पण बॅटरीचे आयुष्य जवळपास तेच राहिले, कारण आता खर्च मुख्यतः मोजमापाचा आहे.

शिवाय सेल स्वतःही झिरपतो. अल्कलाइन सेल वर्षाला साधारण २ टक्के वीज आपोआप गमावतो असे धरले, तर २००० मिलिॲम्पियर-तासांतले ४० दरवर्षी जातात. वर्षाच्या ८७६० तासांनी भागले, की सुमारे ४.६ मायक्रोॲम्पियर येतात. म्हणजे काही न करता पडून राहिलेला सेल एमसीपी १७०० च्या जवळजवळ तिप्पट वीज घालवतो. जबलपूरकडे मे महिन्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि उन्हात तापलेल्या डब्यात ही गळती आणखी वाढते. त्यामुळे वरची चार-पाच वर्षे कागदावरची समजा. रेग्युलेटरचा खर्च सेलच्या गळतीपेक्षा कमी झाला, की पैसा आणि डोके दुसरीकडे लावणे चांगले.

दुसरीकडे म्हणजे कुठे? बॅटरीचे व्होल्टेज मोजायला तुम्ही १० किलोओहमचे दोन रोधक जोडून विभाजक केलात, तर ४.५ व्होल्टवर त्यातून सतत २२५ मायक्रोॲम्पियर वाहतात. ते सगळ्या उपकरणाच्या सरासरीच्या जवळजवळ पाचपट आहेत. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ विकास-बोर्डांवर १११७ कुळातला रेग्युलेटर असतो, त्याचा घरखर्च पुन्हा ५ मिलिॲम्पियरच्या आसपास. त्याच बोर्डावर सतत जळणारा लहान एलईडीही असतो. मायक्रोकंट्रोलरच्या झोपेचा प्रोग्राम कितीही काळजीने लिहिला, तरी असा बोर्ड ओढ्यावर टिकत नाही.

७. नॅनोचा मोह आणि त्याची किंमत

कमी क्विसेंट करंट म्हणजे आतल्या ॲम्प्लिफायरला कमी प्रवाह, आणि कमी प्रवाह म्हणजे संथ हालचाल. मॉसफेटचे गेट भरायला आणि रिकामे करायला वेळ लागतो. झोपेतले उपकरण अचानक जागे होऊन १०० मिलिॲम्पियर मागू लागले, तर संथ रेग्युलेटर सावरेपर्यंत आउटपुट खाली बसते. मायक्रोकंट्रोलर त्या खड्ड्यात रीसेट होतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा रेडिओ चालू करतो आणि पुन्हा रीसेट होतो. घरखर्च वाचवायला निघालेले उपकरण या चक्रात एका रात्रीत बॅटरी संपवू शकते.

भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ या परवानामुक्त पट्ट्यात लोरा रेडिओ वापरतात. पूर्ण शक्तीने प्रसारण करताना असा रेडिओ १२० मिलिॲम्पियरपर्यंत घेऊ शकतो. जीएसएम मोडेमचे झटके तर २ ॲम्पियरपर्यंत जातात. तिथे २५० मिलिॲम्पियरचा एलडीओ चालणारच नाही. आउटपुटला पुरेसा कपॅसिटर देणे, जड लोड वेगळ्या रेग्युलेटरवर ठेवून गरजेपुरताच चालू करणे, किंवा लोड वाढताच आतला प्रवाह आपणहून वाढवणारा रेग्युलेटर निवडणे हे त्यावरचे उपाय आहेत. कपॅसिटर निवडतानाही डेटाशीट वाचा. जुन्या पीएनपी एलडीओंना स्थिर राहायला आउटपुट कपॅसिटरमध्ये ठराविक मर्यादेतला अंतर्गत रोध लागतो. सिरॅमिक कपॅसिटरमध्ये तो फार कमी असल्याने असा एलडीओ डोलू लागतो. एमसीपी १७०० सारख्यांना १ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर चालतो.

व्होल्टेजच्या मर्यादेतही असाच एक सापळा आहे. एमसीपी १७०० चे इनपुट ६ व्होल्टपर्यंतच चालते. चार सेल म्हणजे ६ व्होल्ट, असे कागदावर बसते. पण कोरा अल्कलाइन सेल १.६ व्होल्टपर्यंत असू शकतो, म्हणजे चार सेलचे ६.४ होतात. तीन सेल घेतले, तर ३.३ व्होल्टचे आउटपुट प्रत्येक सेल १.१ व्होल्टच्या आसपास आल्यावरच घसरू लागते आणि सेलमध्ये वापरण्याजोगी वीज शिल्लक राहते. सेन्सरला ३.० व्होल्ट चालत असतील, तर त्याच भागाची ३.० व्होल्टची आवृत्ती घ्या, म्हणजे प्रत्येक सेल १ व्होल्टपर्यंत पिळता येतो. किंवा चार सेल आणि १२ व्होल्टपर्यंत इनपुट घेणारा एचटी ७३३३ घ्या. घरखर्च थोडा वाढेल, पण सेल जवळजवळ पूर्ण वापरले जातील.

काही वेळा रेग्युलेटर लागतच नाही. १.८ ते ३.६ व्होल्टवर चालणारे मायक्रोकंट्रोलर दोन पेन्सिल सेलवर थेट चालतात. सगळ्या सुट्या भागांना ते बदलते व्होल्टेज चालत असेल, तर घरखर्चाचा प्रश्नच मिटतो. उलट, बॅटरीचे व्होल्टेज लोडच्या मानाने बरेच जास्त असेल आणि बहुतेक वीज जागेपणी जात असेल, तर स्विचिंग रेग्युलेटरचा विचार करा. लीनियर रेग्युलेटर व्होल्टेजमधला फरक उष्णतेत घालवतो. स्विचिंग रेग्युलेटर इंडक्टरच्या मदतीने त्यातला बराच भाग वाचवतो. पूर्वी त्यांचा घरखर्च जास्त असे. आता टीपीएस ६२७४० सारखे भाग ३६० नॅनोॲम्पियरवर चालतात.

८. निवडीचा क्रम

इतिहास ज्या क्रमाने घडला, त्याच्या उलट क्रमाने निवड करा. ७८०५ च्या काळात पहिला प्रश्न होता, प्रवाह किती मिळेल? मोटारीने विचारले, किती कमी व्होल्टेजवर चालेल? कोणी शेजारी नसलेल्या उपकरणाने विचारले, काही काम नसताना किती खाशील? तुम्ही या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करा.

१. उपकरण दिवसातला किती वेळ झोपलेले असते? सरासरी प्रवाह काढा.
२. रेग्युलेटरचा घरखर्च त्या सरासरीच्या दहाव्या हिश्श्याच्या आत आहे का? असेल, तर आणखी खाली जाण्याचा हट्ट धरू नका.
३. कोऱ्या आणि उतरलेल्या अशा दोन्ही बॅटरींचे व्होल्टेज त्याच्या इनपुट मर्यादेत बसते का?
४. सर्वांत मोठा झटका तो सहन करतो का? कपॅसिटर कोणता हवा?
५. शेवटी झोपेतला प्रवाह मीटरने प्रत्यक्ष मोजा. रोधक, एलईडी, गळका कपॅसिटर हे मोजल्यावरच सापडतात.

हिरणच्या उगमापाशी स्विच बंद करायला कोणी येणार नाही. ते काम तुम्ही रेग्युलेटर निवडताना, टेबलावरच करून ठेवायचे आहे.

सरावासाठी

१. वरचेच उपकरण दर १५ मिनिटांऐवजी दिवसातून एकदाच जागे होते. सरासरी प्रवाह काढा. आता एमसीपी १७०० आणि टीपीएस ७ए०२ यांत किती फरक पडतो? सेलची गळती धरून आणि न धरता, असे दोन्ही हिशेब करा.
२. बॅटरी मोजण्याचा विभाजक फक्त मोजमापाच्या वेळी चालू राहील, असे सर्किट काढा.
३. तुमच्या प्रयोगशाळेतल्या कोणत्याही विकास-बोर्डावरचा रेग्युलेटर ओळखा, त्याच्या डेटाशीटमधला क्विसेंट करंट लिहा आणि बोर्डाचा झोपेतला प्रवाह मोजून त्याच्याशी ताडून पाहा.